भरतीच्या हिशोबाने: तिसवाडीच्या बेटांवर पौषातले काही दिवस

पौष वद्य दशमी, करमळी

कोकण रेल्वेच्या करमळी स्थानकावर उतरणारे बहुतेक प्रवासी थेट पणजीच्या वाटेला लागतात. मी मात्र पिशवी खांद्याला लावून रुळांच्या जवळच पसरलेल्या करमळीच्या तळ्याकडे चालत गेलो, कारण या वेळचा माझा सारा प्रवास पाण्याच्या मागोमाग व्हायचा होता आणि त्याची सुरुवात गोड्या पाण्यापासून करावी असे मनात होते. हे तळे निसर्गाने दिलेले नाही. पावसाचे पाणी अडवून ते पुढे वायंगण, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या, भाताला पुरवावे यासाठी गावाने ते राखले आहे. उन्हाळा जवळ येतो तसे पाणी शेतांत उतरत जाते आणि तळ आटत जातो. पण आज, दुपारच्या दोनच्या उन्हात, पाणवनस्पतींच्या हिरव्या थरामधून पाण्याचे मोठे तुकडे चकाकत होते आणि त्यांवर अदया, म्हणजे शीळ घालणारी बदके, दाटीने बसल्या होत्या. मधूनच त्यांतला एखादा थवा शीळ घालत उठे आणि पुन्हा जवळजवळ त्याच जागी उतरे.

काठावरच्या एका दगडावर बसून मी बराच वेळ काढला. जांभळ्या पाणकोंबड्या लांब बोटांनी देठ पकडून सोलून खात होत्या, कमळपक्षी तरंगत्या पानांवरून पावले टाकत होते, आणि उघड्या चोचीचा एक करकोचा चिखलात चोच बुडवून गोगलगायी बाहेर काढत होता. याच्या दोन्ही चोची मिटल्या तरी मध्ये फट राहते, आणि शंखासकट गोगलगाय धरण्यासाठी ती ठेवण त्याला उपयोगी पडते. इतक्यात मडगावच्या दिशेने जाणारी गाडी आली. मला वाटले, आता सारे आकाश पक्ष्यांनी भरून जाईल. पण एकाही अदईने मान वर केली नाही. काठावर एक बाई गाय धूत होत्या, त्या हसून म्हणाल्या, "गाडीची त्यांना सवय झाली. माणूस काठी घेऊन आला तर मात्र उडतात."

जुन्या गोव्यात व्हाइसरॉयच्या कमानीखालून फेरीच्या धक्क्यावर पोहोचलो तेव्हा कार्यालये सुटायची वेळ झाली होती. दिवाडीला जाणारे लोक दुचाक्यांसह रांगेत उभे होते: शाळेच्या गणवेशातली मुले, पणजीच्या बाजारातून परतणाऱ्या बायका, सिमेंटच्या गोणी लादलेला एक टेम्पो. पायी जाणाऱ्याला या बोटीत पैसे पडत नाहीत. मांडवी आणि जुवारी या दोन नद्यांच्या मध्ये, आणि त्यांना जोडणाऱ्या कुंभारजुव्याच्या खाडीमुळे, तिसवाडी तालुका चारही बाजूंनी पाण्याने वेढलेला आहे. दिवाडी, चोडण, जुवे, कुंभारजुवे ही त्याच्या पोटातली आणखी लहान बेटे. तिथल्या माणसाचे घड्याळ बोटीशी बांधलेले असते आणि बोटीचा धक्का भरती-ओहोटीशी. कोकणात भरतीचा जो ढोबळ हिशोब सांगतात, म्हणजे तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, तो मी बोटीवरच्या खलाशाला विचारला. दशमीला साडेसात, एकादशीला सव्वाआठ, असे करत अमावास्येला सव्वाअकरा. "इकडे पाणी जरा आधीच भरते," तो म्हणाला, "पण चाल तीच. आणि अमावास्येपर्यंत रोज थोडे थोडे जास्त चढणार." त्या क्षणी मी ठरवले की तारखा बाजूला ठेवायच्या आणि तिथीनेच दिवस मोजायचे.

पौष वद्य एकादशी, दिवाडी

पियेदाद गावात ज्यांच्या घरी उतरलो त्या निवृत्त शिक्षिका आहेत, आणि सारे गाव त्यांना नुसते "टीचर" म्हणते. घराला बसायच्या दगडी बाकांचा बलकांव आहे; समोर रस्ता, रस्त्यापलीकडे हिंदू शेजाऱ्यांच्या अंगणातले तुळशीवृंदावन, आणि वळणावर पांढरा क्रूस. उजाडण्याआधीच पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजू लागला. सायकलच्या मागे निळ्या प्लास्टिकने झाकलेली टोपली, तिच्यात एका बाजूला कोंड्याचे पोय, दुसऱ्या बाजूला उंडे आणि कडक कांकणे. पोदेर प्रत्येक फाटकासमोर थांबत नाही. कोणाला किती लागतात हे त्याला पाठ असते. काही घरांच्या फाटकाला कापडी पिशवी अडकवलेली असते, तीत तो मोजून पाव टाकतो आणि पुढे जातो. पैशाचा हिशोब महिन्याचा.

पोदेरामागून मासेवाली आली, स्कूटरवर. तिची हाक गल्लीत शिरली तशी नारळाच्या झाडांवर दोन ब्राह्मणी घारी येऊन बसल्या. विटकरी पंख, पांढरी मान, आणि नजर थेट टोपलीवर. टीचरनी बलकांवातूनच विचारले, "आयज कितें हाडलां?" सुंगटे, म्हणजे कोळंबी, होती, शेवटे होते, आणि हिरव्या पानाखाली झाकलेला एक चोणक होता. समोरच्या घराकडे मासेवालीने पाहिलेही नाही, कारण षट्तिला एकादशी होती आणि तिथे आज कोणी मासे घेणार नव्हते हे तिला ठाऊक होते. टीचरनी मला सांगितले की, ईस्टरआधीच्या चाळीसाव्याच्या उपासात ती याच न्यायाने शुक्रवारी त्यांचे फाटक गाळते आणि समोर थांबते. दोन्ही घरांचे पंचांग जिच्या डोक्यात आहे अशी ती एक बाई गावातल्या शेजारधर्माचा एवढा हिशोब दररोज स्कूटरवरून वाहून नेते, याचे मला मनापासून कौतुक वाटले. सुंगटांची डोकी अंगणात पडताच घारींपैकी एक सरळ खाली आली, पंजात एक डोके उचलून उडाली आणि हवेतच खाऊ लागली. मांजराने नुसते पाहिले.

न्याहारीनंतर मी सां मातियशच्या बाजूला खाजणात उतरलो. ज्यांनी खाजण पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण या बेटांवरचे बहुतेक सारे जीवन त्यावर उभे आहे. नदी इथे समुद्राच्या भरतीने खारट होते आणि शेताची पातळी भरतीच्या पातळीहून खाली असते. म्हणून नदीच्या कडेने चिखल, गवत, बांबू आणि चिरे घालून बांध घातला आहे आणि त्या बांधात ठरावीक ठिकाणी मानस बसवली आहे. रायगड-रत्नागिरीकडे खारभूमीच्या बांधाला जी उघाडी असते, तीच ही. मानशीच्या लाकडी झडपा वरच्या बाजूने टांगलेल्या असतात. भरतीचे पाणी बाहेरून दाबू लागले की त्या आपोआप मिटतात. ओहोटीला बाहेरची पातळी खाली गेली की आतल्या पाण्याच्या जोराने त्या उघडतात आणि शेतातले पाणी नदीत जाते. दारे आपली आपण चालतात, पण ती चालती ठेवणे हे माणसाचेच काम असते: झडपेत ओंडका अडकला, लाकूड कुजले किंवा चिखल साचला, तर एका रात्रीत खारे पाणी शेतभर पसरते.

गोव्यात अशी जमीन सुमारे १८,००० हेक्टर आहे आणि तिची व्यवस्था पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधीची आहे. त्यांनी १५२६ साली गावकाऱ्यांचे, म्हणजे जुन्या ग्रामसंस्थांचे, जे रिवाज लेखी नोंदवले, ते मुळात गावाने एकत्र राहून सामाईक जमीन कशी राखायची याचेच नियम होते. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर बांधांची जबाबदारी गावकारीकडून कुळांच्या संघटनांकडे आली.

मानशीवर एक साठीचे गृहस्थ जाळे दुरुस्त करत बसले होते. भात कापून झाल्यावर खाजणात खारे पाणी बेताने घेतात. त्याबरोबर सुंगटांची आणि माशांची पिल्ले आत येतात, मानशीलगतच्या खोल डबक्यात, म्हणजे पोंयीत, वाढतात आणि ओहोटीच्या वेळी दाराला लावलेल्या जाळ्यात सापडतात. या मासेमारीचा हक्क दरवर्षी पावणीत, म्हणजे लिलावात, जातो आणि त्या पैशातून बांधाची डागडुजी व्हावी असा रिवाज आहे. "रिवाज आहे," असे म्हणून ते थोडे थांबले. मग त्यांनी सांगितले की, पावणी घेणाऱ्याला पाणी जास्त दिवस आत हवे असते आणि शेतकऱ्याला ते लवकर बाहेर हवे असते. पूर्वी दोघेही एकाच गावचे आणि बहुधा एकाच घरचे असत, त्यामुळे भांडण घरात मिटे. आता बरीच शेते पडीक राहिली आहेत, आणि पडीक शेताचा मालक मानशीकडे बघायला येत नाही. खारे पाणी सोसणाऱ्या कोरगुट भाताचे बी अजून काही घरांत आहे. यांच्या घरी आहे, हे त्यांनी अभिमानाने सांगितले.

बोलता बोलता त्यांनी बांधावरच्या एका जागेकडे बोट दाखवले. तिथे माशांच्या खवल्यांनी भरलेली वाळकी विष्ठा होती. पाणमांजरे रात्री मानशीवर येतात, जाळ्याआधीच आपला वाटा घेतात आणि इथेच खूण ठेवून जातात. राग येत नाही का, असे विचारल्यावर त्यांचे उत्तर सरळ होते: पोंयीत मासा आहे म्हणून ऊद येतो, ज्या वर्षी तो येणार नाही त्या वर्षी मलाही जाळे लावण्यात अर्थ नाही.

शेताच्या मध्यावर एक लहान क्षत्रबलाक उभा होता, माणसाच्या कमरेहून उंच, टक्कल पडलेल्या डोक्याचा, हालचाल जवळजवळ नाही. दलदलीवरचा भोवत्या हा शिकारी पक्षी बांधालगत खाली उडत गेला तेव्हा टिलव्यांचा एक थवा किंचाळत उठला. क्षत्रबलाकाने त्याही वेळी पाय हलवला नाही.

पौष वद्य द्वादशी, चोडण

सकाळी दिवाडीहून रायबंदरला आणि रायबंदरहून दुसऱ्या बोटीने चोडणला गेलो. रायबंदरच्या धक्क्यावर बोटीची वाट पाहताना पणजीकडे जाणारा जुना पूलरस्ता आठवला. सुमारे तीन किलोमीटर लांबीचा हा बांधीव रस्ता १६३३-३४ मध्ये खाजणे आणि मिठागरे यांच्यातून काढला. आजही त्याच्या एका अंगाला मिठागरांचे चौकोन दिसतात, आणि वाहनांच्या गर्दीत तिकडे पाहायला कोणाला सवड नसते.

चोडणच्या धक्क्याला लागूनच डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य आहे. १९८८ साली घोषित झालेल्या या अभयारण्याचा विस्तार जेमतेम पावणेदोन चौरस किलोमीटर, आणि ते जवळजवळ पूर्णपणे खारफुटीचे. आतली खाडी अरुंद असल्यामुळे होडी भरतीलाच शिरू शकते. द्वादशीचे पाणी साडेआठ-नऊपर्यंत भरणार होते, म्हणून होडीवाल्याने आठलाच निघायला लावले. हा तरुण चोडणचाच. त्याचे आजोबा याच खाडीत तिसऱ्या काढत असत.

आत शिरताच नदीवरचा वारा थांबला. दोन्ही बाजूंना कांदळाची मुळे कमानीसारखी पाण्यात उतरलेली, आणि त्यांच्यामागे तिवर, ज्याची श्वसनमुळे चिखलातून सरळ वर येतात. होडीवाल्याने तिवराचे एक पान तोडून माझ्या हातात दिले आणि मागच्या बाजूला जीभ लावायला सांगितली. पान खरोखर खारट होते. झाड मुळांतून आलेले जास्तीचे मीठ पानांवाटे बाहेर टाकते. कांदळाची रीत वेगळी आहे: त्याचे बी झाडावरच रुजते, हिरव्या लांब शेंगेसारखे लोंबत राहते, आणि तयार झाले की खाली पडून चिखलात उभे रुतते किंवा भरतीबरोबर दुसरीकडे जाते. बांधाबाहेर अशी खारफुटीची पट्टी असली तर लाटेचा मार आधी ती घेते, आणि म्हणून जुने शेतकरी तिला हात लावू देत नसत.

ढोल्या फांद्यांवर रातबगळे डोळे मिटून बसले होते. काळ्या डोक्याचा एक खंड्या आमच्यापुढे वीस-वीस हात उडत राहिला; जांभळट निळी पाठ, पांढरा गळा, लालभडक चोच. पाणी पूर्ण भरलेले असल्यामुळे चिखलावरचे जीव दिसत नव्हते. म्हणून होडीतून उतरल्यावर मी दुपारपर्यंत काठावरच्या पायवाटेवर थांबलो, आणि हा निर्णय फार फलदायी ठरला. पाणी उतरू लागले तशी चिखलाची पहिली पट्टी उघडी पडली आणि तिच्यावर निवट्या प्रकट झाल्या. निवटी हा मासा असून चिखलावर कल्ल्याजवळच्या परांच्या आधाराने चालतो, उड्या मारतो, आणि डोळे डोक्यावर फिरवत चारी दिशांना पाहतो. त्यांच्यामध्ये एका मोठ्या आकड्याचे खेकडे; नर आपला आकडा वर-खाली करत मादीला बोलावत होते आणि दुसरा नर जवळ आला की बिळाच्या तोंडाशी ताठ उभे राहत होते. दहा मिनिटांनी कुठून तरी एक वंचक आला, आणि साऱ्या पट्टीवर क्षणात कोणी उरले नाही. वंचकाला घाई नव्हती. तो ज्या बिळासमोर उभा राहिला होता, तिथून पंधरा मिनिटांनी जे डोके वर आले ते पुन्हा खाली गेले नाही.

परतीच्या वाटेवर होडीवाल्याने खाडीच्या पलीकडच्या काठावर हात करून दाखवले: चिखलावर एक मगर, जबडा उघडा ठेवून, उन्हात. तोंड उघडे ठेवणे हे रागाचे लक्षण नसून अंगातली उष्णता आवरण्याचा तो मार्ग आहे. ही गोड्या पाण्याची मगर. भारतात ती बहुतेक नद्या-तलावांत असते, पण इथे ती खाऱ्या-मचूळ पाण्यात राहते, खाजणात येते, पोंयीतले मासे खाते, आणि ज्या बांधावरून मुले शाळेत जातात त्याच्याच उतारावर झोपते. तिच्याविषयी होडीवाला आदराने बोलत होता, आणि त्या आदराचे कारण मला पुढे अमावास्येला अधिक कळले.

पौष वद्य त्रयोदशी, नार्वे

दिवाडीच्या उत्तरेकडून बोटीने डिचोली तालुक्यातल्या नार्व्याला उतरता येते. कदंब राजांचे कुलदैवत असलेल्या सप्तकोटेश्वराचे मूळ स्थान दिवाडीवर होते. पोर्तुगीजांनी ते देऊळ पाडल्यावर लिंग नदीपलीकडे आणले गेले, आणि छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६८ साली तिथल्या मंदिराचा जीर्णोद्धार करवला. मराठी माणसाला इथे येऊन जे वाटते ते मी वेगळे सांगायला नको. मला मात्र त्या दिवशी हेही जाणवले की देव ज्या वाटेने गेला ती वाट आजही तशीच चालू आहे: दिवाडीचे लोक दर्शनाला याच पाण्यावरून जातात, आणि बोटीतले निम्मे प्रवासी बाजाराला निघालेले असतात.

परतल्यावर संध्याकाळी बांधावर गेलो. सूर्य मावळल्यावर थोड्याच वेळात खाजणाच्या आतल्या बाजूने कोल्हेकुई सुरू झाली; आधी एक, मग तीन-चार दिशांनी. चर्चची घंटा वाजत होती आणि शेजारच्या घरात दिवेलागणीची आरती चालू होती. टीचर म्हणाल्या, कोल्हे कमी झाले तेव्हा शेतात उंदीर वाढले होते, आणि उंदरांची बिळे बांधाला खेकड्यांच्या बिळांइतकीच वाईट.

पौष वद्य चतुर्दशी, कुंभारजुवे

मांडवीला जुवारीशी जोडणारी कुंभारजुव्याची खाडी शांत दिसते, पण तिच्या दोन्ही काठांवर माणसाच्या व्यवहाराच्या खुणा खोल उमटल्या आहेत. कुंभारजुवे गाव गणपती विसर्जनाच्या सांगोडासाठी ओळखले जाते, जेव्हा होड्या जोडून त्यांवर देखावे उभारतात. इतर दिवशी तिथला धक्का मासेमाऱ्यांचा असतो. एका मासेमाऱ्याने मला आपल्या होडीतून खाडी दाखवली. सकाळी दहापर्यंत पाणी चढत होते आणि दशमीपेक्षा आज ते किती वर आले आहे हे काठावरच्या ओल्या रेषेवरून स्पष्ट दिसत होते.

खाणींचा जोर होता तेव्हा लोहखनिजाच्या बार्जी मांडवीतून आणि या खाडीतून ये-जा करत. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, त्यानंतरही त्यांच्यात चढउतार होत राहिले. बार्ज जाताना उठणारी लाट बांधाच्या पायथ्याची माती दररोज थोडी थोडी नेत असे, असे होडीवाला सांगत होता, आणि ज्या ठिकाणी बांध पूर्ण फुटला आहे ती जागा त्याने दाखवली. आत जे शेत होते तिथे आता दोन-तीन पुरुष उंचीची खारफुटी उभी आहे. प्रवाशाच्या डोळ्याला ते दृश्य हिरवे आणि सुंदर वाटते. तिथे बगळ्यांची वसाहत आहे, पाणकावळे पंख वाळवत बसतात, आणि एक मगर तर फुटक्या मानशीच्याच चिऱ्यांवर पहुडली होती.

पण ते पाहून मला निखळ आनंद झाला नाही आणि त्याचे कारण सांगणे मी आवश्यक समजतो. खाजण चालू असते तेव्हा एकाच जागेवर पावसाळ्यात गोडे पाणी आणि भात असते, हिवाळ्यात उथळ मचूळ पाणी आणि मासे, उन्हाळ्यात कोरडी ढेकळे. क्षत्रबलाक, टिलवे, भोवत्या, पाणमांजर, कोल्हा यांना हे पालटणारे, उघडे खाजण लागते. बांध फुटून सारे खारफुटीखाली गेले की एका प्रकारचे जीवन वाढते, पण वर्षभरात तीन रूपे घेणारी जमीन नाहीशी होते. शिवाय खारे पाणी गावाच्या विहिरींपर्यंत झिरपते. दुसऱ्या टोकाला, खाजणात मातीचा भराव घालून घरे बांधली तर काहीच उरत नाही. म्हणून जो मनुष्य मानशीची झडप बदलतो तोच इथला खरा वन्यजीवरक्षक आहे, असे माझे मत झाले आहे, आणि त्या कामाला पैसा व माणसे मिळत नाहीत ही गोष्ट अभयारण्याच्या फलकांपेक्षा अधिक चर्चेची आहे.

पौष अमावास्या, दुर्भाट

पहाटेच्या पहिल्या बोटीने निघून फोंड्यामार्गे दुर्भाटला पोहोचलो. जुवारीच्या काठचे हे गाव, आणि आजच्या दिवशी इथल्या खाजणात माणगे थापणी होते. माणगे म्हणजे मगर. कुळांपैकी काही पुरुष आंघोळ करून बांधावर जमले होते. दोघांनी शेतातलाच चिकण चिखल उचलून बांधाच्या आतल्या अंगाला मगरीचा आकार घालायला सुरुवात केली. आधी लांब धड, मग शेपटीचा बाक, मग चार पाय. पाठीवरच्या खवल्यांसाठी शिंपले रोवले, डोळ्यांच्या जागीही शिंपलेच आले, आणि जबड्यात काड्यांचे दात बसवले. लहान मुलांना शिंपले गोळा करायचे काम होते, आणि कोणता शिंपला कुठे लावायचा यावरून त्यांच्यात गंभीर वाद चालला होता. हळद-कुंकू, फुले वाहिली, तोंडात एक अंडे ठेवले. पूर्वी कोंबडीचे पिल्लू देत असत. गाऱ्हाणे एका वयोवृद्ध गृहस्थांनी घातले: बांध राख, मानस राख, शेतात उतरणाऱ्या माणसाला आणि गुराला सांभाळ.

पूजा झाल्यावर मी त्यांच्याशी बोललो. नदीतल्या खऱ्या मगरीने त्रास देऊ नये म्हणून ही पूजा, हे तर झालेच. पण त्यांच्या मते मगर खाजणाची राखणदारही आहे, कारण ती जिथे असते तिथे रात्री मासे चोरायला आणि झडपेशी खेळायला कोणी उतरत नाही. मला त्याहून एक गोष्ट महत्त्वाची वाटली. अमावास्येला उधाण असते. भात कापलेले, शेत मोकळे, आणि बांधाची चाचणी घेणारे पाणी आज नदीत आहे. बांधाच्या नेमक्या त्या ठिकाणी, नेमक्या त्या सकाळी साऱ्या कुळांनी एकत्र यावे, अशी तिथी ज्यांनी निवडली त्यांना पाण्याची चाल पुरती माहीत होती, असे मला वाटते.

साडेदहाच्या सुमारास बांधावरून एकाने हाक दिली, "उदक चडटा!" सगळे उठले. मानशीपासून चाळीस-पन्नास पावलांवर खेकड्यांनी पोखरलेल्या जागेतून पाणी आत झिरपत होते, बोटाएवढ्या धारेने. कोणी फावडे आणले, कोणी पेंढ्याच्या जुड्या, आणि थापणीसाठी काढलेला उरलेला चिखल घमेल्यांतून तिकडे गेला. मीही रांगेत उभा राहून घमेली पुढे दिली. पेंढा दाबून त्यावर चिखल, पुन्हा पेंढा, पुन्हा चिखल, आणि वर दोन चिरे. अकराच्या पुढे पाणी बांधाच्या माथ्यापासून हातभर खाली येऊन थांबले. त्या अर्ध्या तासात एक समुद्री गरुड दोनदा वरून फिरून गेला आणि मानशीच्या खांबावर बसलेला खंड्या आमच्याकडे लक्ष न देता पोंयीत सूर मारत राहिला.

पाणी उतरायला लागल्यावर झडपांच्या कडा तपासल्या गेल्या. डाव्या झडपेचे खालचे फळकूट कुजले आहे हे सगळ्यांनी हात लावून पाहिले, आणि तिथेच बांधावर बसून ठरले की येत्या अष्टमीला, भरती सर्वांत कमी असते तेव्हा, ते बदलायचे; लाकूड कोण देणार, सुतार कोणाच्या ओळखीचा आणि पावणीच्या पैशातून किती मागायचे यावर बराच वेळ बोलणे झाले. वयोवृद्ध गृहस्थांनी दोन तरुणांची नावे घेऊन त्या दिवशी कामावर रजा टाकायला सांगितली, आणि दोघांनीही हो म्हटले.